उलटा लावलेला माइक

“एक विचारायचं होतं, पण रागावू नका हं,” फोनवर ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीतली बाई म्हणाली. “आता पाठवलेली शेवटची तीन प्रकरणं तुम्हीच वाचलीयत ना?” माझ्या हातात अर्धा चिरलेला कांदा होता. मी म्हटलं, मीच वाचलीयत, दुसरं कोण येतंय इथे वाचायला? “नाही, म्हणजे आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, मध्येच कुणीतरी दुसरं वाचायला बसलंय. शब्द सगळे बरोबर आहेत. उच्चारात नाव ठेवायला जागा नाही. पण कसं सांगू, ऐकणारा दचकेल हो. अर्धं पुस्तक एका बाईनं वाचलं आणि ती न सांगता उठून गेली, असं वाटतं.” ती बाई वाईट नाही. बोलणं तिथेच अडू नये म्हणून तिनं लगेच पुढचंही सांगून टाकलं. उद्या संध्याकाळपर्यंत मी एक पान वाचून पाठवायचं. ते आधीच्या प्रकरणांशी जुळलं तर ठीक, नाहीतर सगळी कादंबरी पहिल्या ओळीपासून दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागेल. मी ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेला कांदा चिरला. रडायला निमित्त आयतं हातात होतं, पण रडू काही आलं नाही. उलट मनात एक वाक्य फिरत राहिलं: म्हणजे कळलंच तर त्या लोकांना.

काय कळलं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा लोकांचा दोष असतो; माझा तो धंदा आहे. जाहिराती, माहितीपट, यंत्रं कशी वापरावीत याच्या सूचना, असलं सगळं मी वाचत आले, आणि अलीकडे पुस्तकं. आणि मागच्या वर्षी, ही कादंबरी अर्धी वाचून झाली असताना, माझ्या गळ्यात एक गाठ निघाली. ती काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “काय काम करता?” मी म्हटलं, “बोलते.” “ते सगळेच करतात.” “मला त्याचे पैसे मिळतात,” मी म्हटलं. ते हसले आणि हसता हसता थांबले. मग त्यांनी समोरच्या कागदावर गाठीचं चित्र काढलं आणि तिच्या मागून जाणारी एक बारीक रेघ काढली. शिवायच्या दोऱ्याएवढी एक नस असते म्हणे, तिच्यावर आवाज चालतो. “मी तिला धक्का लावणार नाही, पण ती आपणहून रुसली तर माझा इलाज नाही,” ते म्हणाले. इतकी वर्षं जिच्या जिवावर मी ऐटीत बोलत होते ती दोऱ्याएवढी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्या रात्री मी गळ्यावर हात ठेवून झोपले. भूल उतरल्यावर ते माझ्यावर वाकून म्हणाले, “नाव सांगा.” मी सांगितलं आणि काहीही ऐकू आलं नाही. नुसती हवा बाहेर आली. वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “राहू दे. आम्हाला माहितेय तुझं नाव.”

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका आणि एक भिंग घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. नणंद कायमची घरात येणार म्हटल्यावर माझ्या मैत्रिणींनी माझ्या वतीनं आधीच हळहळून घेतलं होतं. मीही थोडी हळहळले होते, खोटं कशाला बोलू? पण नंतर माझा आवाज बंद पडला तेव्हा याच बाईनं घरात दोघींच्या वाटचं बोलून काढलं. शेजारणीला काय झालं, दूधवाला काय म्हणाला, त्यांच्या छापखान्याचा मालक कसा एकदा शाईच्या डब्यात बसला, सगळं. “तू बोलू नकोस, मी बोलते,” एवढं म्हणून सुरुवात व्हायची. मला तेव्हा हसायची बंदी होती आणि टाके ताणायचे, पण माझे ते दिवस कसे गेले हे मला कळलंही नाही. मग एका सकाळी चहा गाळताना मी ‘गाळणं कुठाय’ असं म्हणाले आणि त्यातलं ‘गा’ चक्क ऐकू आलं. वन्सं बाहेरून ओरडल्या, “आला गं आला!” जणू काही हरवलेलं मांजर परत आलं होतं. डॉक्टरांचे उपकार, त्या नसेचे उपकार, आणि वन्संचे तर आहेतच. आवाज आला, फक्त पूर्वीसारखा गुळगुळीत नाही. वाक्याच्या शेवटी, आवाज खाली उतरवला की तिथे एक कड लागते. फरशीवर खुर्ची जराशी सरकावी तशी. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हती म्हणे. मला मात्र तीच ऐकू येत होती.

म्हणून मी ते यंत्र घेतलं. व्हॉइस प्रोसेसर. दिसायला चपटा काळा डबा, पुढे बटणं आणि हिरव्या दिव्यांची रांग. माइकमधून आवाज निघाला की तो आधी या डब्यात जातो. आवाज खाली गेला तर डबा उचलतो, वर गेला तर दाबतो, ‘स’ची शिट्टी बारीक करतो, आणि बोलणं थांबलं की दार लावून घेतो. तेवढ्या वेळात आतलं काही बाहेर जात नाही, पंख्याची घरघर नाही की रस्त्यावरचा हॉर्न नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत होती; माझ्या आवाजातली कड जगाला दिसायच्या आत मला तिच्यावर काहीतरी पांघरायचं होतं. डबा बसवला त्या दिवशी वन्सं नेहमीसारख्या आत बसल्या होत्या. रेकॉर्डिंगची आमची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. यांनी तीन सुट्ट्या घालवून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, खाली जाजम घातलं, दाराला रबराची पट्टी लावली. मध्ये माझं टेबल आणि माइक, आणि माइकच्या पलीकडे, माझ्या अगदी समोर, वन्संची लाकडी खुर्ची. कादंबरीची छापील पानं मांडीवर घेऊन त्या बसायच्या आणि माझ्याबरोबर मनात वाचायच्या. शब्द गळाला की बोट वर. शब्द जास्तीचा आला की भिंगाची टिचकी गुडघ्यावर. मी पडद्यावरून वाचायचे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी नजर वर जायची ती त्यांच्याकडे. आता डब्यानं सगळं बिघडवलं. बारीक आवाज उचलायचं त्याचं काम, त्यानं वन्संचा श्वासही उचलला. दार लागायचं, त्यांनी श्वास घेतला की उघडायचं, पुन्हा लागायचं. हेडफोनमध्ये नुसती फडफड. मी काही म्हणायच्या आत वन्सं उठल्या. “माझ्या नाकपुड्यांनी तुझं यंत्र बिघडायला नको. मी आपली बाहेर बसते,” म्हणाल्या. मी ‘बसा हो’ म्हणायला हवं होतं. माझं लक्ष हिरव्या दिव्यांकडे होतं. ती तीन प्रकरणं मी रिकाम्या खुर्चीसमोर वाचली, वाक्य संपलं की दिव्यांकडे बघत, आणि दिवे अगदी शहाण्यासारखे विझत होते.

फोन आला त्या संध्याकाळी जेवताना मी घडलेलं सांगितलं. हे म्हणाले, “आवाज तर छान आहे तुझा.” यांना माझा आवाज नेहमीच छान वाटत आलाय, मी चिडलेली असतानासुद्धा, त्यामुळे या कामात त्यांचं मत धरता येत नाही. वन्सं ताटात बघत म्हणाल्या, “पुस्तक काढून घेतील का गं?” मी म्हटलं, “घेतील बहुतेक.” “म्हणजे पुढचं दुसरं कुणी वाचणार.” “पुढचंच नाही, सगळंच.” पाण्याचा पेला घ्यायला वन्संनी हात पुढे केला आणि तो पेल्याच्या थोडा अलीकडे टेकला, मग सरकत जाऊन पेल्याला लागला. मी ते पाहिलं. पाहिलं आणि त्याचं काही केलं नाही, कारण माझ्या डोक्यात माइक चालू होते. कुठला माइक घेतला तर ती कड झाकेल? गरम आवाजाचा? लांबून ऐकणारा? माणूस स्वतःच्या गळ्यात एकदा अडकला की त्याला दुसऱ्याचा हात दिसत नाही, आणि दिसला तरी तो नुसताच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेसिबल आला. हा आमचा रेकॉर्डिंगवाला. त्याला ‘कसा आहेस’ असं विचारलं तरी तो आधी मनातल्या मनात आवाज मोजायचा काटा बघतो आणि मग उत्तर देतो, म्हणून घरात त्याचं नाव डेसिबल. माझ्या एका फोनवर त्यानं सकाळची दोन कामं पुढे ढकलली आणि खांद्याला दोन पेट्या अडकवून जिने चढून आला. अशी माणसं मला का मिळत गेली हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या हातून तसं मोठं पुण्य काही घडलेलं नाही. “ताई, आधी अंदाज बंद,” तो म्हणाला. “एकच पान, सगळ्या माइकवर, डब्यासकट आणि डब्याशिवाय. मी फायलींना नुसती अक्षरं देणार, क, ख, ग. कुठलं कशाचं ते तुम्हाला सांगणार नाही. डोळे मिटून ऐका आणि जुन्या प्रकरणाशी जुळतं ते सांगा.” मी म्हटलं, “आणि नाही जुळलं तर?” तो क्षणभर काटा बघत राहिला. “तर दुपारी बघू,” म्हणाला.

पहिला माइक रेडिओवाल्यांचा. त्याच्या डोक्यात तोंड घालून बोलायचं, ओठ जवळजवळ टेकवून. तो भोवतालचं काही ऐकत नाही, फक्त तुम्हाला ऐकतो, आणि कुणालाही गरम, भारदस्त करून सोडतो. मी कादंबरीतलं एक आधीचं पान वाचलं, थोरल्या सुनेनं धाकट्या दिराचं ताट तो जेवायच्या आत उचलून ठेवण्याचं, आणि हेडफोनमध्ये एक बातम्या सांगणारी आत्या माझ्या शब्दांनी बोलू लागली. दुसरा नवा, महागडा, चकचकीत जाळीचा. हा कडेनं बोलायचा: उभा असतो, त्याच्या पोटासमोर तोंड ठेवायचं. त्याचे कान इतके तिखट की जीभ टाळ्यापासून सुटते ते ऐकू येतं, सकाळचा चहा पोटात कुठवर पोचला तेही. आणि ती कड. वाक्याच्या शेवटी खुर्ची सरकली, पुन्हा सरकली. डबा जोडला तर कड बुजली, पण तिच्याबरोबर वाक्याचा शेवटही बुजला, उशीवर थापटी मारल्यासारखा. मी पाणी पीत राहिले. मला वाटत होतं, मी एकेका माइकसमोर जाते आहे आणि प्रत्येक जण मला सांगतो आहे की मी कोण नाही. आपला आवाज आपण कवटीच्या आतून ऐकतो, लोक बाहेरून ऐकतात. आयुष्यभर लोकांनी जिला ओळखलं ती बाई मला कधी भेटलेलीच नाही. आता ती गेली म्हणतात, तर मी तिला शोधू कुठे? तिचा चेहरा मला ठाऊक असायला हवा ना आधी.

शेवटचा राहिला माझा जुना माइक, तोही कडेनं बोलायचाच. तेवढ्यात खालून कुणीतरी डेसिबलच्या गाडीपायी ओरडायला लागलं. त्यानं ती दुसऱ्याच्या जागेवर लावली होती. “तुम्ही लावा तोवर, मी आलोच, रेकॉर्डिंग चालूच आहे,” म्हणून तो पळाला. मी जुना माइक उचलला. इतकी वर्षं तो त्याच्या दांडीवरून कधी उतरलाच नव्हता. आज सकाळी पहिल्यांदाच काढला होता. जाळीला एका बाजूनं पोचा आलेला, अक्षरं पुसलेली. मी तो बसवला, स्क्रू आवळला, गोधड्यांच्या त्या अंधुक उजेडात पान उघडलं आणि वाचायला लागले. दुसरी ओळ चालू होती तेवढ्यात दार हळूच उघडलं आणि वन्सं कोमट पाण्याचा पेला घेऊन आत आल्या. मी वाचते आहे हे ऐकून जागच्या जागी थबकल्या. परत जावं तर दाराचा आवाज होणार. मग हातानं चाचपत त्यांनी आपली खुर्ची शोधली आणि पेला मांडीवर धरून बसल्या. मी वाचत राहिले. ते पान सकाळपासून इतक्यांदा वाचलं होतं की शब्दांचा चोथा झाला होता. पण या वेळी थोरल्या सुनेनं ताट उचललं आणि मला तिचा संताप आला, वाचता वाचता, अगदी खरोखरचा. कुठेही न अडखळता मी शेवटापर्यंत गेले. माझी नजर वर गेली. वन्सं म्हणाल्या, “मेलीचं कधी चांगलं व्हायचं नाही.” आणि मला पाणी दिलं.

डेसिबल परत आल्यावर आम्ही ऐकायला बसलो. क ऐकलं, ख ऐकलं, नको म्हटलं. पुढचं लावलं आणि तो खो खो हसायला लागला. “ताई! तुम्ही? उलटा लावलात!” कडेनं बोलायच्या माइकला पुढची आणि मागची बाजू असते. पुढून तो ऐकतो, पाठीमागून बहिरा असतो. नवशिके हमखास चुकतात, आणि चुकतात ते आमच्यासारखे, ज्यांनी वर्षानुवर्षं माइक जागचा हलवलेलाच नसतो. माझा आवाज लांबून येत होता, शेजारच्या खोलीतून कुणी वाचत असावं तसा. “पुसून टाकतो,” डेसिबल म्हणाला. मी म्हटलं, “थांब. मोठं कर.” कारण त्या लांबच्या वाचण्याच्या अलीकडे, अगदी कानापाशी, कुणीतरी होतं. माइकनं माझ्याकडे पाठ केली होती आणि तो वन्संना ऐकत होता. त्यांचा श्वास येत होता, जात होता. मी वाक्य सुरू केलं की तो संथ व्हायचा. थोरली सून स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तो थांबला. धाकटा दारात उभा राहून ताटाकडे बघतो, तिथे मी एक विराम घेतला होता. त्या सबंध विरामात तिकडे श्वासच नव्हता, आणि मी पुढचा शब्द उच्चारल्यावर नाकातून एक लांब सुस्कारा सुटला. पुढे एका जागी बारीकसं ‘हं’ आलं, हसण्याचं. ती विनोदी जागा आहे हे मला आजवर कळलेलं नव्हतं. मी इतकी पुस्तकं वाचली, पण माझं वाचणं दुसऱ्याच्या अंगात कसं शिरतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी आपलं इतकं ऐकत आलं आहे, एवढ्या एका गोष्टीनं माणसाला नतमस्तक व्हावंसं वाटतं; मला तरी वाटलं.

डेसिबलचं हसणं थांबलं होतं. त्यानं न सांगता आधीचं, जुनं प्रकरण उघडलं, दोन वाक्यांमधली जागा पकडली आणि ती तेवढीच मोठी करून लावली. पंख्याची घरघर, गोधड्यांचा तो एक मऊ दबलेपणा, आणि त्याच्या तळाशी, अगदी पुसट, तोच श्वास. दुसरी जागा लावली. तिथेही होता. मग त्यानं शेवटच्या तीन प्रकरणांतली जागा लावली. काहीच नाही. पाटी पुसल्यासारखी शांतता. “ताई, आवाज नाही बदलला तुमचा,” तो म्हणाला, “म्हणजे थोडा बदललाय, पण तो कुणाच्या लक्षात यायचा नाही. या मधल्या जागा मेल्यात. डबा दार लावून घेतोय ना. ऐकणाऱ्याला कळत नाही काय गेलं, पण खोलीतून कुणीतरी गेलंय एवढं कळतं.” जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी गळ्यावर पांघरुणं घालत बसले होते, आणि खोलीतून गेलेलं माणूस स्वयंपाकघरात बसून माझ्यासाठी पाणी कोमट करत होतं.

पण मला आणखी एक ऐकू आलं होतं, म्हणजे ऐकू आलं नव्हतं. मी डेसिबलला ते उलटं रेकॉर्डिंग पुन्हा लावायला लावलं, त्यात पानांची सळसळ नव्हती, पण तेव्हा वन्सं नुसता पेला घेऊन बसल्या होत्या, ते ठीक, मग जुनं प्रकरण पुन्हा लावायला लावलं, मग त्याच्याही आधीचं. अगदी पहिल्या प्रकरणांत पान उलटल्याची सळसळ होती. वन्सं बोट ओलं करून पान उलटायच्या आणि डेसिबल ते आवाज शोधून शोधून कापायचा, एखादा राहून जायचा. पुढे पुढे एकही नाही. कापलेलाही नाही, त्यानं सांगितलं, “मावशींची पानं मी कितीतरी दिवसांत कापलेली नाहीत. मला वाटलं शिकल्या त्या हळू उलटायला.” त्या पानं उलटतच नव्हत्या. मांडीवर घेऊन बसत होत्या. आणि तरी बोट वर जायचं, शब्द गळला की जायचं, पण ते, आता आठवतं, छापलेला शब्द गळला म्हणून नव्हे, तर वाक्य कानाला लंगडं लागलं म्हणून. वर्तमानपत्र त्यांनी सोडलं तेव्हा ‘त्यात काय असतं वाचण्यासारखं’ म्हणाल्या होत्या, आणि आम्ही हसलो होतो. पेल्याच्या अलीकडे टेकलेला हात. खुर्ची चाचपणारा हात. डेसिबलला चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवून मी वन्संना आत बोलावलं.

“वन्सं, तुम्हाला वाचता येत नाही ना आता?” मी विचारलं. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. “मधलं जातंय गं,” म्हणाल्या. “कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही दिसत. तुझं काय बिघडलं त्यात? तोंड ऐकू येतंच आहे.” मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का? “दाखवलं. शेजारणीला घेऊन गेले होते. आहे तेवढं जपा म्हणाला. गेलेलं येत नाही.” “आणि आम्हाला सांगितलं नाहीत?” “तेव्हाच तुझी गाठ निघाली होती. एका घरात एका वेळी एकच दुखणं पुरे. त्यातून तुझं दुखणं पोटापाण्याचं. माझं काय, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका वाचल्या, आता थोड्या नाही वाचल्या तर कुणाचं अडलंय?” या बाईनं आपले डोळे जात असताना माझ्या उशाशी बसून शाईच्या डब्यात बसलेल्या मालकाची गोष्ट सांगितली होती. मी त्यांचा हात धरला. तो कोमट पाण्यानं ओलसर होता. “पुरे,” वन्सं म्हणाल्या, “रडलीस तर आवाज बसेल, आणि ती कंपनीवाली बाई संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे.”

मग ते पान आम्ही वाचलं. वाचलं मी, पण ‘आम्ही’ हाच शब्द बरोबर आहे. जुना माइक सुलटा लावला. डेसिबलनं दोनदा तपासून घेतला आणि पुढच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, माझंच नेलपॉलिश. डब्याचं ते दार लावणारं बटण बंद केलं. डब्याची उरलेली कामं त्यानं इतकी हळू ठेवली की तो असून नसल्यासारखा. ती कड राहिली. वाक्याच्या शेवटी खुर्ची सरकत होती, सरकू दे म्हटलं. घरात माणसं असली की खुर्च्या सरकायच्याच. फाइल पाठवली आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात येऊन बसलो. डेसिबल जायला हवा होता, त्याची कामं खोळंबली होती, पण तो गेला नाही. वन्संनी त्याला तुझी बायको तुला घरात काय म्हणते ते विचारलं आणि तो काटा न बघता लाजला. मी फोनकडे बघत नाही असं दाखवत होते. पुस्तक जाईल तर जाईल असं स्वतःला सांगून बघितलं, पण ते खोटं होतं. कालपर्यंत ते माझं काम होतं, जातं तर माझं गेलं असतं. आता ते या खुर्चीवर बसणाऱ्या बाईचं उरलेलं एकुलतं पुस्तक होतं. घरात दुसरं कुणी तिला इतकं लांबलचक काही वाचून दाखवणार नव्हतं, आणि ती मागणार तर मुळीच नव्हती.

ऊन खिडकीतून ओट्यावर आलं तेव्हा फोन वाजला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा करून मध्ये ठेवला. “अहो, काय केलंत?” कंपनीतली बाई म्हणाली. “जुळलं! आवाज किंचित बसलाय का? असू दे, पण बाई तीच आहे. तुम्हीच वाचा पुढचं.” डेसिबलनं टेबलावर थाप मारली. वन्संनी देवाला करावा तसा फोनला नमस्कार केला, थोडा बाजूला. “फक्त एक आहे,” ती बाई चाचरत म्हणाली, “ती तीन प्रकरणं तुम्हाला पुन्हा वाचावी लागतील. पहिल्यापासून. मला फार वाईट वाटतंय सांगताना, एवढी मेहनत पुन्हा...” मी म्हटलं, “वाईट काय वाटायचं त्यात?” आणि इतक्या आनंदानं म्हटलं की पलीकडून त्या बाईनं ‘नीट ऐकलंत ना?’ असं विचारलं. ती तीन प्रकरणं वन्संनी ऐकली नव्हती. त्या दाराबाहेर बसल्या होत्या, आणि धाकटा घर सोडून गेल्यापासून पुढचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.

डेसिबल पेट्या उचलून गेला. मी खोलीत जाऊन दिवा लावला, वन्संच्या खुर्चीवर उशी ठेवली. त्या आल्या, बसल्या, आणि सवयीनं छापील पानांसाठी हात पुढे केला, मग तो हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. मी बटण दाबलं. “थांब गं,” वन्सं म्हणाल्या, “सुरू करायच्या आधी एवढंच सांग. धाकटा येतो का परत?” रेकॉर्डिंग चालू होतं. मी म्हटलं, “ऐका.”